कॉकर म्हणजे सोफ्यावरची उशी नव्हे

‘कॉकर स्पॅनियल ना? फ्लॅटमध्ये ठेवायला एकदम उत्तम कुत्रा!’ हे वाक्य ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारलं असेल तो माझ्या वर्गात असता, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तेही तासभर नव्हे, शाळा सुटेपर्यंत. गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी नात्यातल्या चार जणांकडून, दोन शेजाऱ्यांकडून आणि पिल्लं विकणाऱ्या एका गृहस्थांकडून ऐकलं. सगळ्यांचा सूर तोच. जणू मिक्सर घ्यायचाय आणि हे मॉडेल जागा कमी व्यापतं, आवाज कमी करतं, शिवाय दिसायला छान!

आज जरा चिडूनच लिहायला बसले आहे. आमच्या नात्यातली मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे, आणि ती वाचतात म्हणूनच लिहिते आहे. समोरासमोर बोललं की ‘मावशी, तुम्ही फारच मनाला लावून घेता’ असं म्हणून चहा पुढे करतात. इथे मला कुणी मध्येच तोडू शकत नाही.

तर आधी हा प्राणी मुळात कोण आहे ते बघा. ‘स्पॅनियल’ हे नाव स्पेन देशावरून आलं असं मानतात, पण कॉकर घडला तो इंग्लंडमध्ये. तिथे वुडकॉक नावाचा एक पक्षी असतो. लांब चोचीचा, वाळक्या पानांच्या रंगाचा, दाट झुडपात जमिनीला चिकटून बसणारा. अगदी जवळ जाईपर्यंत माणसाला तो दिसत नाही. त्याला झुडपातून हुसकावून उडवण्याचं काम ज्या छोट्या स्पॅनियलकडे होतं, तो कॉकर. गंमत म्हणजे पूर्वी ही वेगळी जात धरतच नसत. एकाच वेतातली पिल्लं, त्यातली जी वाढून पंचवीस पौंडांच्या आत राहिली ती कॉकर, वर गेली ती दुसऱ्या प्रकारची स्पॅनियल! आपल्याकडे पस्तीस मार्कांच्या रेषेवर पास-नापास ठरतं तसंच. लंडनच्या केनेल क्लबने कॉकरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती १८९२ साली.

आता या कामाचं स्वरूप डोळ्यांसमोर आणा. काटेरी झुडपात नाक खुपसायचं, वासाचा माग काढायचा, पक्षी उठवायचा, बंदूक वाजली की जागच्या जागी थांबायचं, पडलेला पक्षी शोधायचा आणि दात न रुतवता अलगद तोंडात धरून मालकाच्या हातात आणून द्यायचा. मग पुढचं झुडूप. असं दिवसभर, थंडीत, चिखलात. आणि हे सगळं करताना दर थोड्या वेळाने मागे वळून मालकाकडे बघायचं. पिढ्यान् पिढ्या माणसांनी मुद्दाम निवडून निवडून हेच गुण या कुत्र्यात पक्के केले: न थांबणारं नाक, न दमणारं अंग आणि माणसावाचून न करमणारं मन.

आणि या प्राण्याला आपण काय देतो? सकाळी सात मिनिटं, रात्री सात मिनिटं. तेही बऱ्याच घरांत मालक नव्हे, कामावरचा मुलगा घेऊन जातो. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाईल. कुत्र्याने कुठे हुंगायला मान खाली घातली की हिसका! ‘चल, उरक लवकर.’ मग वर आणून दार बंद. नवरा-बायको कामाला, मुलं शाळेत, क्लासला. नऊ-नऊ तास हा एकटा. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर उशी फाडलेली, चपलेचा अंगठा गायब, शेजारच्या काकांची ‘दिवसभर रडत होता’ अशी तक्रार. मग मला फोन. ‘मावशी, हा फार हट्टी निघाला हो.’

हट्टी! छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. वर्गात दोन-तीन मुलं अशी असायचीच, की ज्यांना हाताला काम दिलं नाही तर बाक कोरत बसायची. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘खोडकर’ असा शेरा मारणारे शिक्षकही असायचे, आणि त्यांना फळा पुसायला, नकाशे आणायला, बागेला पाणी घालायला पाठवणारेही असायचे. मुलं तीच असायची.

लहान अंगाचा म्हणून चालणं कमी, हा तर शुद्ध अडाणीपणा. इंग्लिश कॉकरचा नर उभा राहिला तर खांद्याशी जेमतेम ३९ ते ४१ सेंटिमीटर भरतो, वजन तेरा-साडेचौदा किलो. पण ते अंग आटोपशीर बांधलेलं, छाती खोल, पाय आखूड पण दणकट. ज्यांना बसून राहणारा कुत्रा हवाय त्यांनी चिनी मातीचा आणावा, शोकेसमध्ये ठेवावा. धूळही फडक्याने पुसता येते.

व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेचं ‘फ्लश’ नावाचं एक पुस्तक आहे, १९३३ सालचं. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीच्या कॉकरचं ते चरित्र. कुत्रा खरा, कवयित्री खरी, आणि पुस्तकातला बराचसा तपशील तिच्या पत्रांमधून घेतलेला. हा फ्लश तिला मेरी रसेल मिटफर्ड या मैत्रिणीने १८४१ साली दिला. भाऊ बुडून गेल्याचं दुःख, त्यात स्वतःचं आजारपण. खेड्यात वाढलेला हा कुत्रा मग लंडनच्या एका घरात, पडदे लावलेल्या आजाऱ्याच्या खोलीत तिच्या पायाशी पडून राहिला. त्याने तिला धीर दिला यात शंकाच नाही. पण त्याच फ्लशने तिला भेटायला येणाऱ्या रॉबर्ट ब्राउनिंगला दोनदा चावाही घेतला! पुढे लग्न करून ती दोघं इटलीत गेली, फ्लशही गेला, आणि फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवर मोकळा हिंडायला लागला. पिसवा इतक्या झाल्या की त्याचे ते देखणे केस कापून टाकावे लागले. पण कुत्रा खूष. मला या गोष्टीतली पिसवांची बाजू फार आवडते. देखणेपण गेलं आणि कुत्रा सापडला.

(ज्यांना इंग्रजी वाचनाचा सराव आहे त्यांनी हे पुस्तक जरूर मिळवावं. मला डिक्शनरी घेऊन बसावं लागलं, पण सार्थक झालं.)

आता कानांकडे येते. सगळं भांडण खरं तर इथेच आहे.

कॉकर घेणाऱ्या दहातले नऊ जण त्याच्या कानांवर भाळतात. लांब, रेशमी, डोळ्यांच्या रेषेत लागलेले, वेणीसारखे दोन्ही बाजूंना लोंबणारे. पण या कानाच्या आत काय आहे हे कुणी बघत नाही. कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी सरळ नसते. आधी खाली उतरते, मग आत वळते, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी. कॉकरच्या या नळीत मळ तयार करणाऱ्या ग्रंथी जास्त, केसही भरपूर, आणि वरून हे जाड लोंबतं झाकण. आत हवा नाही, उजेड नाही, ओल मात्र आहे. भिजवलेलं पीठ झाकून कोपऱ्यात ठेवलं की जे होतं तेच तिथे होतं. बुरशी आणि जंतू. वासही तसाच येतो, आंबूस. हा आजार वेळेवर आटोक्यात आणला नाही तर नळी आतून जाड होत होत बंद होते, आणि शेवटी ऑपरेशन करून संपूर्ण नळी काढून टाकावी लागते. ही वेळ ज्या जातींवर वारंवार येते त्यात कॉकर अगदी पुढे आहे.

आमच्याकडे झिपरी होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कॉकर, तेरा वर्षं आणि काही महिने जगली. तिच्या कानांचं वेळापत्रक आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहिलेलं असायचं. दर रविवारी कान उलटून बघायचे, हुंगायचे (हो, हुंगायचे! नाकं मुरडू नका), डॉक्टरांनी दिलेलं औषध घालून बाहेरून चोळायचं आणि जेवढं वर येईल तेवढंच कापसाने टिपायचं. काडी आत घालायची नाही म्हणजे नाही. आंघोळीनंतर कान कोरडे केल्याशिवाय सोडायची नाही. कानाच्या आतल्या बाजूचे आणि खालचे केस बारीक कापून ठेवायचे, म्हणजे थोडी हवा खेळते. जेवायला अरुंद तोंडाचं खोलगट भांडं, म्हणजे तोंड आत जातं आणि कान बाहेर राहतात. आमटी-भात पसरट थाळीत दिला की कानांची टोकं त्यात बुडतात, वाळतात, त्याला गाठी होतात आणि मुंग्या लागतात. ह्यांचा जुना लोकरी मोजा पुढून कापून त्याची पट्टी केली होती. थंडीच्या दिवसांत जेवताना ती डोक्यावर चढवली की झिपरी हुबेहूब कानटोपी घातलेल्या आजीबाईसारखी दिसायची.

आणि पावसाळा सरला की कुसळं! इकडे साताऱ्याच्या बाजूला माळावर गवत वाळायला लागलं की काय होतं ते गुराख्याला विचारा. कुसळाला टोक असतं आणि मागे वळलेले बारीक केस असतात. ते फक्त पुढे सरकतं, मागे येत नाही. साडीत शिरलं तर आपण ओरडतो. कॉकरच्या कानात, बोटांच्या मध्ये, काखेत शिरलं तर तो कुणाला सांगणार? तो डोकं हलवतो, कान जमिनीवर घासतो, पंजा चाटत बसतो. फिरून आल्यावर दारातच पाच मिनिटं बसून बोटा-बोटांतून हात फिरवायचा. त्याच वेळी गोचीडही सापडतात. लोंबत्या कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात त्यांचं आवडतं बिऱ्हाड. गोचिडाच्या तापाने रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात आणि कुत्रं बघता बघता खंगतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

आता जे सांगायला बसले ते सांगते. आमच्या नात्यातल्या एका घरी पाच वर्षांचा सोनेरी कॉकर आहे. घराचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांच्या मुलाने त्याला लाडाने गळामिठी मारली आणि तो चावला. गालाला दात लागले. मुलाला लगेच साबणाने भरपूर वेळ जखम धुऊन दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू केली, हे योग्यच झालं, आणि कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी हे असंच करायचं असतं. मूल घाबरलं, आईबाप घाबरले. त्यांच्या रागाला मी नावं ठेवत नाही. लहान मुलाच्या चेहऱ्याशी गाठ आहे.

पण मग घरात जो शेरा बसला तो असा: ‘कुत्रा फिरला. आता याचा भरवसा नाही.’ ठराव झाला की त्याला ओळखीच्यांच्या शेतावर राखणीला सोडायचं.

सुदैवाने त्याआधी एका समजूतदार डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. उजव्या कानात खोलवर कुसळ, भोवती पू, नळी सुजून लाल. गुंगी देऊन ते काढावं लागलं. कान गेले दोन महिने दुर्गंधीत होता. घरच्यांच्याच तोंडून ऐकलं, ‘हो, वास येत होता, म्हणून आम्ही खोबरेल तेल घालत होतो.’ कान आधीच ओला आणि त्यात तेल! ज्याचा कान ठणकतो आहे त्याच्या डोक्याला कुणी दोन्ही हातांनी आवळलं तर तो काय करेल? माणसाचा कान दुखतो तेव्हा त्याला नुसती उशी लागली तरी तो घर डोक्यावर घेतो.

‘पण त्याने काही सूचना तर द्यायची!’ असं एक काका म्हणाले. काका, त्याने दिली होती. महिनाभर देत होता. कानाला हात लावला की अंग ताठ करायचा, तोंड फिरवायचा, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघायचा, उगाच ओठ चाटायचा. मग एकदा गुरगुरला, तेव्हा त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी मारून गप्प केलं. ‘गुरगुरायचं नाही!’ तो शहाणा, त्याने ऐकलं. गुरगुरणं सोडलं. पुढच्या वेळी न गुरगुरता चावला. घंटा काढून घेतली म्हणजे आग लागत नाही असं थोडंच आहे?

याचा अर्थ कॉकर कधीच चावत नाही असं माझं म्हणणं नाही. ‘गरीब कुत्रा आहे, काही करत नाही’ हेही तितकंच बेजबाबदार वाक्य. १९९६ साली ब्रिटनमधल्या पॉडबरसेक आणि सर्पेल या अभ्यासकांनी इंग्लिश कॉकरच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्यात एकरंगी कॉकर, विशेषतः तांबूस-सोनेरी, हे मिश्र रंगाच्या कॉकरपेक्षा जास्त आक्रमक असल्याचं मालकांनी नोंदवलं. ही मालकांची उत्तरं आहेत, प्रत्येक सोनेरी कॉकरचं भविष्य नव्हे. पण आपल्याकडे गिऱ्हाईक कुठला रंग मागतं? सोनेरीच. आणि मागणी तिथे पैदास. आईबापांचा स्वभाव कसा, हा प्रश्न विचारणारा एक तरी गिऱ्हाईक मला दाखवा. रंग विचारतात, कानांची लांबी विचारतात, आणि ‘कागद आहेत का?’ एवढं विचारतात. कागद म्हणजे वंशावळ. आजोबा कोण ते त्यावर लिहिलेलं असतं, आजोबांचे डोळे कधी गेले ते नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर या जातीत दृष्टिपटल हळूहळू निकामी होत जाऊन आंधळेपण आणणारा आनुवंशिक आजार आहे. मूत्रपिंडांचाही एक आहे, त्यात जेमतेम दोन वर्षांच्या आतच पिल्लाची मूत्रपिंडं निकामी होतात. दोन्हींत आई-बाप वरून ठणठणीत दिसू शकतात आणि तरी दोष पुढे देऊ शकतात. दोन्हींसाठी डीएनए चाचणी आहे. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घ्यायचा, इतकं सोपं. पैदास करणाऱ्याला विचारा, ‘ही चाचणी केली आहे का?’ त्या वर उल्लेख केलेल्या गृहस्थांना मी विचारलं. ते म्हणाले, ‘मॅडम, आपल्याकडची पिल्लं एकदम हेल्दी असतात.’ मी पुन्हा विचारलं. त्यांनी दुसरं गिऱ्हाईक बघितलं.

पिल्लाचं वय विचारलं तर बत्तीस दिवस! डोळे उघडून दोन-अडीच आठवडे झालेले. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हे आठ आठवडे काही बाबूंनी हवेतून काढलेले नाहीत. भावंडांशी कुस्ती खेळताना जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो, आई गुरकावते. दात किती लावायचे हे पिल्लू तिथे शिकतं. महिन्याच्या पिल्लाला आईपासून तोडायचं, म्हणजे बालवाडीतून काढून घरी बसवायचं आणि मग ‘याला वळण नाही’ म्हणायचं. मग महिन्याचंच का विकतात? कारण तेव्हा ते जास्त गोड दिसतं, आणि खायला घालायचा खर्च वाचतो. पंचेचाळीस दिवसांपुढे भूक वाढते, लस द्यावी लागते.

शेपटीचं एका वाक्यात सांगते. काट्यांत फाटू नये म्हणून शिकारी कुत्र्यांची शेपटी जन्मल्यावर छाटत असत. इंग्लंडमध्ये २००७ पासून कामाच्या कुत्र्यांचा अपवाद सोडून त्यावर बंदी आहे, आणि बाणेर-वाकडच्या सोफ्यावर काटे नसतात.

खाण्याबद्दल मात्र एका वाक्यात भागणार नाही, कारण इथे आपल्या आज्या-आत्यांचा हात आहे. कॉकर खादाड असतो आणि त्याला ते डोळे दिलेले आहेत. त्या डोळ्यांनी बघितलं की सत्यनारायणाचा शिरा खाली येतो, चहात बुडवलेलं बिस्कीट येतं, पेढा येतो. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात हे माहीत आहे का? कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मग ती आमटीतली का असेना. चॉकलेट तर विषच. आणि यातलं काही दिलं नाही तरी नुसत्या पोळी-तुपाने हा कुत्रा पिंपासारखा फुगतो. फुगला की हिंडत नाही, हिंडला नाही की आणखी फुगतो. वरून हात फिरवल्यावर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे कौतुक माणसांपुरतं ठेवा, आणि माणसांनाही फारसं करू नका.

केसांचं काम दिवसाआड. कंगवा वरवर फिरवून उपयोग नाही. कानामागे, काखेत, मांडीच्या आत मुळापासून विंचरावं लागतं. नाहीतर गुंता होऊन कातडी ओढली जाते आणि खाली जखमा होतात. मग दुकानात नेऊन त्याचं सरसकट मुंडण करून आणतात, ‘उन्हाळा आहे ना!’ म्हणून. बेताने कापावेत, पण कातडीपर्यंत भादरून त्याला उन्हात काढू नये. उन्हाळ्याचा उपाय म्हणजे ऊन चढायच्या आधी बाहेर पडणं. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. तुम्हाला सोसलं तर त्याला न्या.

आणि हे सगळं कोण करणार? इथे येतो आमच्या नात्यातला सगळ्यात लाडका युक्तिवाद. ‘मुलाला वाढदिवसाला कुत्रा दिला की जबाबदारी कळते.’ १९५५ सालच्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या डिस्नेच्या सिनेमात नाताळच्या भेटीचं खोकं उघडतं आणि आतून रिबन बांधलेलं कॉकरचं पिल्लू डोकं काढतं. बघायला गोडच आहे, मीही नातवंडांबरोबर बघितला आहे. पण सिनेमातल्या पिल्लाचे कान कुणाला धुवावे लागत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचा डबा धुवायची जबाबदारी कळवता आली नाही, म्हणून एक जिवंत प्राणी आणून त्याच्यावर प्रयोग करायचा? मूल सहावीत जातं, आठवीत जातं, क्लास लागतात, दहावी येते. कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. त्याची दहावी कोण सांभाळणार? बहुतेक घरांत याचं उत्तर ‘आजी’ असं असतं आणि आजीला कुणी विचारलेलं नसतं.

माझ्या एका ब्लॉगमित्रांचं म्हणणं असं, की सगळा आटापिटा सोडा, रस्त्यावरचं गावठी पिल्लू घ्या, इथल्या हवेला ते टिकतं, कानही उभे. मुद्दा बिनतोड आहे. नव्याने कुत्रं पाळणाऱ्याला मीही हेच सांगते. पण जे कॉकर आज घराघरांत आहेत त्यांचं काय? त्यांना कुणी विचारून जन्माला घातलं नव्हतं. ‘विलायती कुत्री आणूच नयेत’ असं म्हणून त्यांच्या कानातलं कुसळ निघत नाही.

आणि खरं सांगू? कॉकरला खूष ठेवणं फार अवघडही नाही. त्याला वेळ लागतो, पैसा त्या मानाने कमी. सकाळी तासभर, लांब दोरीवर, त्याच्या नाकाच्या वेगाने. तो एका झुडपाशी चार मिनिटं थांबला तर थांबा, ते त्याचं वर्तमानपत्र आहे. पावसाने बाहेर जाता येत नसेल तर भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, सोफ्याखाली, पुस्तकांच्या मागे लपवा आणि ‘शोध’ म्हणा. झिपरी वीस मिनिटं असं हुंगून आली की जी झोपायची, ती कुकरच्या शिट्टीनेही उठत नसे. सत्तरीकडे झुकलेल्या आम्हा दोघांना जे जमलं ते तिशी-पस्तिशीतल्यांना जमत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

आता त्या सोनेरी कॉकरविषयी. त्याचा कान भरून आला आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तरी शेतावर पाठवायचा बेत अजून कायम आहे असं कळतं. ज्या कुत्र्याला माणसाशिवाय करमत नाही त्याला रात्रंदिवस साखळीने बांधून, उघड्यावर, चारी बाजूंनी कुसळी गवत असलेल्या जागी ठेवायचं म्हणजे तो कान पुन्हा बिघडणार, पुन्हा दुखणार आणि पुढचा चावा तिथल्या गड्याच्या मुलाला बसणार. त्या मुलाला तर गाडीत घालून दवाखान्यात न्यायलाही कुणी नसेल. मुलं घरी आली की कुत्रा आतल्या खोलीत, मुलांना मिठी मारू द्यायची नाही, दर रविवारी कान, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख चुकवायची नाही, एवढं करून सहा महिने बघा. तेही जमणार नसेल तर शेतावर न पाठवता माझ्याकडे आणून सोडा. झिपरीचं खोलगट भांडं आणि तो मोजा अजून माळ्यावर आहे. ह्यांना मी विचारलं आहे. ते म्हणाले, सकाळचं फिरणं माझ्याकडे, कान तुझ्याकडे.